मोजपट्टी बदला, पण जुनी लगेच फेकू नका : सांख्यिकी संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय, महाराष्ट्र शासन,
वांद्रे (पूर्व), मुंबई

विषय : आरोग्य, शिक्षण आणि पाणी-हवेच्या आकड्यांची तुटणारी साखळी

महोदय,

स. न. वि. वि.

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर आपली ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ विधिमंडळात मांडली जाते. वर्तमानपत्रं त्यातून दरडोई उत्पन्न उचलतात, कर्जाचा बोजा उचलतात आणि दोन दिवसांत सगळं थंड होतं. मी लातूरला पदवीच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी सुरुवात ‘दृष्टिक्षेपात महाराष्ट्र’ या तक्त्यापासून होते. डावीकडे १९६०-६१, उजवीकडे चालू वर्ष आणि मधे दर दहा वर्षांचा एक रकाना. राज्य स्थापन झाल्यापासूनचा हिशेब इतक्या कमी जागेत दुसरीकडे कुठे मिळत नाही. कालश्रेणीचा धडा मी याच तक्त्यावर शिकवते. तेव्हा हे पत्र तक्रारीचं असलं तरी आपल्या एका नियमित वाचकाचं आहे.

तक्रार अशी की आपल्याकडे मोजण्याची पद्धत बदलते आणि जुन्या-नव्या पद्धतीला जोडणारा पूल कोणी बांधत नाही. आकडे मात्र एकाच ओळीत शेजारी शेजारी बसतात आणि वाचणारा त्यातून प्रगती किंवा अधोगती वाचून मोकळा होतो.

साक्षरतेचीच ओळ घ्या. महाराष्ट्र १९६१ साली ३५ टक्के, २०११ साली ८२.३ टक्के. चढ खरा आहे, यात शंका नाही. पण १९७१ पर्यंतचे टक्के पाच वर्षांवरच्या लोकसंख्येतले आहेत आणि नंतरचे सात वर्षांवरच्या. नुकतंच पाटीवर रेघोट्या ओढायला लागलेलं पाच-सहा वर्षांचं पोर हिशेबात धरलं की टक्का खाली येतो, वगळलं की वर जातो. एकाही माणसाला अक्षर न शिकवता. सुदैवाने १९८१ सालचा आकडा दोन्ही पद्धतींनी काढलेला आहे : देशाची साक्षरता पाच वर्षांवरच्यांत ४१.४ टक्के आणि सात वर्षांवरच्यांत ४३.६ टक्के. म्हणजे दोनेक टक्क्यांची वाढ निव्वळ व्याख्येची. हे आज सांगता येतं, कारण कोणीतरी एका वर्षापुरत्या दोन्ही मोजपट्ट्या लावल्या. माझं मागणं या एका वाक्यात संपतं. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

अशी दुहेरी मोजणी करायला आपण परदेशाकडे बघायची गरज नाही. मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरून अलिबागला गेलं की पुरे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं जे प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, त्याच्या कुलाब्यातल्या नोंदी शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामी जाऊन विजेच्या येणार हे ठरलं. विजेच्या प्रवाहाने सुई थरथरणार, नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि लोखंड टाळून तिथे दगडी इमारत बांधून घेतली. पण त्यांनी कुलाब्याला कुलूप लावून अलिबाग सुरू केलं नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणून आज कुलाबा आणि अलिबाग मिळून पावणेदोनशे वर्षांच्या घरातली एकच सलग मालिका हाती लागते.

तेव्हा संगणक नव्हता, सल्लागार कंपनी नव्हती, डॅशबोर्ड नव्हता. ट्राम येण्याआधी जाग आली होती, एवढंच.

आता आपल्या काळातलं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं मुख्य काम मुंबईतच, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतं. १९९२-९३ पासून पाचव्या फेरीपर्यंत (२०१९-२१) याच्याइतकं मोलाचं आरोग्याचं दफ्तर देशात दुसरं नाही. चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ५३.८ टक्क्यांना रक्तक्षय होता, पाचव्या फेरीत ६८.९ टक्क्यांना. पंधरा टक्क्यांची उडी. करोनाकडे बोट दाखवायची सोय नाही, कारण महाराष्ट्रातलं क्षेत्रकाम टाळेबंदीच्या आधीच उरकलं होतं. मग मुलं खरोखर इतकी फिकी पडली का? की मोजण्यात काही झालं?

मोजतात कसं ते सांगते, कारण बहुतेकांना ते ठाऊक नसतं. मुलाच्या बोटाला टोचतात. पहिले थेंब पुसून टाकतात आणि पुढचा थेंब प्लास्टिकच्या छोट्या पट्टीत शोषून घेतात. पट्टी हातात मावणाऱ्या यंत्रात घातली की आकडा दिसतो. आता मूल रडतंय, आई वैतागलीय, थेंब नीट येत नाही, मग सर्वेक्षणाच्या ताई बोट दाबतात. दाबलं की रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही येतं, रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत तपासलं तर हा प्रश्न येत नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात तसं केलं, तेव्हा देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय सुमारे ४१ टक्के निघाला. त्याच सुमाराच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो जवळपास ५९ टक्के होता. वयोगट थोडा वेगळा आहे, पण अठरा टक्क्यांचं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

यावर शास्त्रज्ञांत वाद झाला, व्हायलाच हवा होता. निर्णय असा झाला की सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणी वगळायची आणि ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्वेक्षणात शिरेतल्या रक्तावर करायची. निर्णय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नाही. शिरेतलं रक्तच जास्त भरवशाचं. पण रक्तक्षय वर्षाला तीन टक्क्यांनी कमी करायचा असं ध्येय घेऊन २०१८ मध्ये ‘अनीमियामुक्त भारत’ सुरू झालं होतं. त्याचा हिशेब आता कशाने करायचा? उद्या नव्या पद्धतीने महाराष्ट्राचा आकडा समजा ४५ टक्के आला, तर ६८.९ वरून ४५ अशी जाहिरात एसटी स्टँडवर लागायला आठवडा लागणार नाही. ती खोटी ठरवायला माझ्याकडे काही नसेल आणि खरी ठरवायला आपल्याकडेही काही नसेल. दोन-चार जिल्ह्यांत त्याच मुलांचं बोटातलं आणि शिरेतलं रक्त एकाच दिवशी, क्षेत्रकामाच्या प्रत्यक्ष धबडग्यात तपासलं आणि तो फरक जिल्हावार छापला, तर हे कोडं सुटेल.

उंचीचंही तसंच. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं निजवून मोजायचं आणि दोन वर्षांवरच्याला उभं करून. तेच मूल निजवलं की उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर लांब भरतं. दीड वर्षाचं मूल हट्टाने उभंच राहिलं आणि सेविकेने तसंच मोजलं, तर मापात ०.७ मिळवायचे असा नियम आहे. ते मिळवले की नाही, हे कागदावर दिसत नाही. सीमारेषेवरचं मूल तेवढ्याने खुजं ठरतं किंवा वाचतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानकं आणली तेव्हा अख्खा तक्ताच बदलला. पण मुलांची कच्ची वजनं-उंची जपून ठेवलेली होती, म्हणून आधीच्या फेरीचे आकडे नव्या मानकाने पुन्हा काढता आले आणि तुलना टिकली. टक्केवारी छापून कच्चा आकडा हरवणाऱ्या प्रत्येक खात्याला हे उदाहरण दाखवायला हवं. पाचव्या फेरीत राज्यातली २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी होती. अंगणवाडी सेविका ज्यात नोंदी भरतात त्या पोषण ट्रॅकर ॲपवरून देशाचं म्हणून सांगितलं जाणारं प्रमाण एक आकडी असतं. दोन्ही सरकारीच. कोणती मुलं मोजली आणि कोणी मोजली, हे शेजारी लिहिल्याशिवाय दोन्ही निरुपयोगी.

मोजणं म्हणजे काय ते बघायचं तर पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेला डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा केईएम रुग्णालयातला अभ्यास बघावा. सर्वेक्षणं दर फेरीला वेगळी मुलं मोजतात. इथे गर्भारपणापासून तीच आई, तेच मूल आणि पुढे तोच तरुण. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या किडकिडीत बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून, हे त्वचेच्या घडीचं माप घेतलं म्हणून कळलं. पुढे मधुमेहाकडे बघायची दृष्टीच त्याने बदलली. असा अभ्यास राज्याने करावा असं मी म्हणत नाही. त्याला जन्म जातो. पण निदान आपण जे करतो त्याचा धागा तरी तुटू नये.

आता खास आपल्या टेबलावरचा विषय : जिल्हे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर झाली, म्हणजे त्यातल्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड सगळे होते. पाचव्या फेरीत पालघर स्वतंत्र. दोन फेऱ्यांतले ‘ठाणे’ हे दोन आकडे शेजारी ठेवणारा माणूस प्रत्यक्षात जव्हार-मोखाड्यासह ठाण्याची त्यांच्याविना ठाण्याशी तुलना करतो. कुपोषण कमी झाल्यासारखं दिसेल, कारण कुपोषित मुलांचे तालुके शेजारच्या जिल्ह्यात गेले. जनगणना खातं लोकसंख्येच्या बाबतीत हे काम वर्षानुवर्षं करत आलंय : १९०१ पासूनची लोकसंख्या आजच्या हद्दींवर बसवून देणारा तक्ता प्रत्येक जनगणनेत असतो. मग शाळा, दवाखाने, जन्म-मृत्यू यांचं तसं का होऊ नये? आपल्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’त तालुकावार आकडे असतातच. जुने तालुके नव्या जिल्ह्यांत मांडायचे, एवढंच काम.

नावांची गंमत वेगळीच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नावं बदलावीत की नाही हा माझा विषय नाही. पण माझ्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षांच्या फायली जोडल्या की संगणक तीन जिल्हे नाहीसे झाले आणि तीन नवे उगवले असं समजतो. प्रत्येक तक्त्यात जिल्ह्याच्या नावाआधी कायमचा संकेतांक छापला तर हा खेळ मिटेल, आणि त्याला पैसाही लागत नाही.

शिक्षणात तर पद्धत बदलणं ही रीतच झाली आहे. मुलं काय शिकली ते चाचणीने तपासणारं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ मध्ये तिसरी, पाचवी, आठवीचं झालं. २०२१ मध्ये त्यात दहावी आली. डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ नावाने झालं ते तिसरी, सहावी आणि नववीचं. नव्या धोरणाच्या टप्प्यांशी जुळवण्यासाठी इयत्ता बदलल्या, कारण समजतं. पण पाचवीचा धागा तिथे तुटला, आठवीचाही तुटला. देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायसची पद्धत २०२२-२३ पासून बदलली : शाळेची बेरीज मागण्याऐवजी एकेका मुलाची नोंद. चांगलाच बदल. देशाची पटसंख्या मात्र एका वर्षात २६.५२ कोटींवरून २५.१८ कोटींवर आली. यातली किती मुलं खरंच शाळेतून गेली आणि किती कागदावरची दुबार नावं गळाली? एक वर्ष मोजक्या तालुक्यांत दोन्ही पद्धतींनी पट मोजला असता तर उत्तर मिळालं असतं. शाळाबाह्य मुलांसाठी वीटभट्ट्यांवर आणि उसाच्या फडात फिरणाऱ्या शिक्षकांना या उत्तराची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

याउलट ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचं ‘असर’ हे सर्वेक्षण बघा. त्याच्या मर्यादा पुष्कळ आहेत. फक्त ग्रामीण भाग आणि तपासणी अगदी प्राथमिक. पण चाचणीचा साचा तोच : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्यामुळे सरकारी शाळांतली तिसरीची किती मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकतात याचा देशाचा आकडा २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४ असा वाचता येतो. करोनाचा खड्डा दिसतो आणि त्यातून वर येणंही दिसतं. साध्या, पण न बदललेल्या चाचणीची ही करामत.

पाण्याबद्दल मराठवाड्यातल्या माणसाने न बोलणं शक्य नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आम्ही बघितलंय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींत ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा पातळी मोजतात. नेटाने चालू राहिलेलं, फारसं कौतुक न झालेलं काम. पण जाहीर काय होतं? ‘गेल्या पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत’ पातळी इतकी वाढली किंवा घटली. ही सरासरी दरवर्षी सरकते. २०१४, २०१५ आणि २०१८ ही कोरडी वर्षं सरासरीत असली की बरा पाऊस झालेलं कोणतंही वर्ष विक्रमी दिसतं. ती बाहेर पडली की तेवढंच पाणी तुटीचं दिसतं. त्या पाच वर्षांसोबत एक ठरावीक जुना कालखंडही तुलनेला ठेवावा, आणि त्या वर्षीचा पाऊसही शेजारीच छापावा. शिवाय विहीर बुजली, आटली किंवा तिच्या कठड्यावर ग्रामपंचायतीने नवे चार थर चढवले तर त्याची नोंद मालिकेसोबत यावी. कठड्याच्या काठापासून मोजायचं आणि काठच दोन फूट वर गेला, तर विहिरीत न आटलेलं पाणी कागदावर आटतं.

हवेबद्दल एवढंच म्हणते की शहरात नवी मोजणी केंद्रं उभी राहिली की जुन्या केंद्रांची सरासरी वेगळी दाखवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. मापक कुठे ठेवलाय हे मुंबईकरांना तरी समजावून सांगायला नको.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण जनगणना. २०२१ ची टळली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरलाय. आज चालणारी बहुतेक मोठी सर्वेक्षणं आपला नमुना २०११ च्या गावयाद्यांवरून काढतात. अर्भकमृत्यूचा जो दर देशात १९७१ ला हजारी १२९ होता आणि २०२३ ला २५ वर आला, तो देणाऱ्या नमुना नोंदणी पद्धतीचाही सांगाडा जनगणनेवरच उभा असतो. नव्या याद्या आल्या की तेव्हाची खेडी आता शहरांत मोजली जातील, नमुन्यातली गावं बदलतील आणि सगळ्याच आलेखांत एक पायरी उमटेल. काही पायऱ्या खऱ्या बदलाच्या असतील, काही नुसत्या याद्यांच्या. नंतर त्या वेगळ्या करणं जवळजवळ अशक्य. आपली ट्राम यायला अजून अवधी आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीत आपलं संचालनालय राज्य नमुन्याचं क्षेत्रकाम स्वतः करतं. प्रत्येक जिल्ह्यात आपलं कार्यालय आहे, प्रशिक्षित माणसं आहेत. म्हणजे हे करायला लागणारे हातपाय मुंबईबाहेर शोधावे लागणार नाहीत. नव्या याद्या आल्यावर प्रत्येक महसुली विभागातल्या एका तरी जिल्ह्यात जुन्या आणि नव्या नमुन्याने एकदा समांतर पाहणी करा. आरोग्य आणि शिक्षण खात्यांना पद्धत बदलण्याआधी आपल्याकडून ना हरकत घ्यायला लावा, आणि समांतर मोजणीची तरतूद असल्याशिवाय ती देऊ नका. तक्त्यात जिथे व्याख्या बदलली तिथे दोन आकड्यांच्या मधे ठळक उभी रेघ मारा. तळटीप कोणी वाचत नाही, रेघ सगळ्यांना दिसते.

जुने कागद जपण्याबद्दल एक शेवटचं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ साली तिथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली, असं त्यांनी दाखवलं. गावाचे इतके जुने कागद टिकले होते म्हणून. आज त्या जमिनीवर टोलेजंग सोसायट्या आहेत आणि धारणा चौरस फुटांत मोजतात. पेशवाईतला कागद मिळतो, पण एका खात्याचं संकेतस्थळ नवं झालं तेव्हा त्यावरची अलीकडची जिल्हावार पुस्तकं दिसेनाशी झाली. आमच्याकडे उतरवून घेतलेली होती तेवढीच वाचली.

तेव्हा एक विनंती लगेच पुरी करता येण्यासारखी. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्याआधीची उस्मानाबादची आणि नंतरची दोन्ही जिल्ह्यांची समालोचनं मिळाली, तर माझ्या वर्गातली मुलं शाळा, दवाखाने आणि सिंचनाचे तालुकावार आकडे आजच्या हद्दींवर बसवून संगणकावर चढवायला तयार आहेत. मोबदला नको, प्रत्येक पानाची तपासणी दोन वेगळे विद्यार्थी करतील. आमच्या ग्रंथालयात मधली बरीच वर्षं नाहीत. छापील प्रती वांद्र्याला येऊन बघायच्या असतील तर तशी परवानगी कोणाकडे मागायची, आणि स्कॅन करू देणार का, तेवढं कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका, लातूर